चार मोजून आत, सहा मोजून बाहेर

३ तारीख, सोमवार

चौकशीचं पत्र आलं. चोवीस तारखेला सकाळी अकरा वाजता हजर राहायचं आणि मशीनच्या अपघातात आमचा मिस्त्री गेला त्या दिवशी नेमकं काय घडलं ते सांगायचं. पत्र धरलं आणि हात असा थरथरायला लागला की कागदाची फडफड ऐकून हे आतून ओरडले, पंखा बंद कर म्हणून. पंखा बंदच होता.

एकोणीस वर्षं मी या लॉन्ड्रीत आहे. दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट ट्रक भरभरून येतात. ते धुवायचे, वाळवायचे, इस्त्रीच्या रुळांतून काढून घड्या घालून परत पाठवायचे. रक्तानं माखलेल्या चादरी उचलताना मी कधी नाक मुरडलं नाही. वाफेनं दोनदा कोपरापर्यंत भाजलं, तरी तिसऱ्या दिवशी कामावर हजर. आणि आज एका कागदानं माझी पाचावर धारण बसली.

ही डायरी ह्यांना बस डेपोतून निवृत्त होताना मिळालेली. कोरीच पडली होती. वार जुळत नाहीत, म्हणून छापलेले खोडून माझे लिहिते आहे. हे म्हणाले, जे काय आहे ते यात लिही, दिवसभर माझं डोकं खाऊ नकोस. जन्मभर बस चालवलेला माणूस, कानाशी कुणी बोललेलं त्यांना खपत नाही.

४ तारीख, मंगळवार

लिहायचंच तर एकदा नीट लिहून टाकते.

आमच्याकडे तीन मोठे ड्रायर आहेत. मिस्त्री त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायचा, जशा काही घरातल्या सुनाच. मधली सारखी रुसायची. तिच्या पाठीमागे कापडाची लव साचायची, पट्टा घसरायचा. मग मिस्त्री मागचं झाकण काढून सरपटत आत शिरायचा. नियम असा की आत जाणाऱ्यानं मुख्य स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. ती लाल कुलपं साहेबांच्या ऑफिसात काचेच्या कपाटात आहेत. साहेब म्हणजे आमचे सुपरवायझर. एक कुलूप काढायचं तर अर्ज भरा, सही घ्या, मशीन किती वेळ बंद राहिलं ते फळ्यावर लिहा, आणि वर साहेबांची बोलणी खा. त्यामुळे कुलूप कुणी घेत नव्हतं. त्याऐवजी मिस्त्री आपल्या चपला पुढच्या बाजूला, बरोबर बटणाखाली काढून ठेवायचा. बटणाखाली चपला दिसल्या की मिस्त्री आत आहे, हे सगळ्यांना माहीत. साहेबांनाही. अकरा वर्षं हेच चाललं.

त्या दिवशी दवाखान्याची माणसं पाहणीला यायची होती. साहेब सकाळपासून फरशी पुसून घेत होते. मिस्त्री मधलीत शिरला, चपला बटणाखाली. साहेब आले, त्यांनी त्या चपला दोन बोटांत धरून उचलल्या आणि दाराबाहेरच्या स्टँडवर नेऊन ठेवल्या. मी रुळापाशी चादर लावत होते, मी पाहिलं. थोड्या वेळानं ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, ताई, मधली चालू करा, पाहुणे आले, मशीन बंद दिसायला नको. मी विचारलं, मिस्त्री? ते म्हणाले, आलाय बाहेर, करा. मी बटण दाबलं.

पुढचं लिहीत नाही.

६ तारीख, गुरुवार

साहेबांनी ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, आता आपली खैर नाही. पण त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली, पाण्याचा पेला पुढे केला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, तुम्ही मला मोठ्या बहिणीसारख्या, तुम्हाला असं झुरताना बघवत नाही. कंपनीनं खास माझ्यासाठी एक बाई बोलावल्या आहेत. परीक्षेला, ऑपरेशनला, कोर्टाला घाबरणाऱ्या माणसांना धीर देणं हेच त्यांचं काम. चोवीस तारखेपर्यंत त्या येत राहणार, तेही कामाच्या वेळात.

बाई चाळिशीच्या. आवाज असा मऊ की ऐकता ऐकता जांभई यावी. नव्या चादरींच्या कोठारात दोन खुर्च्या टाकून बसलो. त्यांनी काही विचारलंच नाही, नुसतं शिकवलं. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, हात पोटावर, खांदे सैल. दहा वेळा केलं आणि खरंच जीव जरा थाऱ्यावर आला. मी त्यांचं नाव श्वासबाई ठेवलं. मनातल्या मनात.

साहेबांबद्दल मी महिनाभर नाही नाही ते मनात आणत होते. माणूस तितका वाईट नाही.

८ तारीख, शनिवार

ह्यांना समोर बसवून श्वास घ्यायला लावले. चौथ्या खेपेला घोरायला लागले. उपाय जालीम आहे म्हणायचा.

कंपनीच्या खोल्यांची आमची रांग आहे, तिथं बातमी पसरली आणि जो भेटेल तो वैद्य झाला. एकीनं सांगितलं, जिभेखाली पेपरमिंटची गोळी धरून जा. दुसरी म्हणाली, आत जाण्याआधी मनगटावर गार पाणी सोड. कोपऱ्यातल्या खोलीत राहणारे मास्तर सांगून गेले की शंभरापासून उलटे आकडे म्हणायचे. मी एकोणनव्वदलाच अडकले आणि घाबरायचं सोडून चिडले, तेही बरंच. हे म्हणाले, अधिकारी नुसत्या बनियनवर बसलाय असं समज. मी म्हटलं, तुम्ही सकाळ-संध्याकाळ बनियनवरच असता, तुमच्याशी बोलून मला कुठे धीर येतो.

वहिनी, म्हणजे मिस्त्रीची बायको, रांगेच्या त्या टोकाला राहतात. त्यांनी कसला उपाय सांगितला नाही. नळावर त्यांच्या बादलीला माझी बादली लागली, तेव्हा माझ्या दंडावर हात ठेवला, तेवढंच. त्या हातानं मला जे झालं ते कुठल्याच गोळीनं बरं होणारं नाही.

१२ तारीख, बुधवार

श्वासबाईंनी आज चार कोरे कागद दिले. त्या दिवसाचं सगळं लिहा म्हणाल्या, काही गाळू नका. डायरीत लिहिलंय तेच लिहिलं, उलट जास्तच, कारण लिहिता लिहिता साहेबांनी चपला स्टँडच्या कुठल्या खणात ठेवल्या तेही आठवलं. साडेतीन पानं झाली. बाईंनी शांतपणे वाचली, दोनदा. मग म्हणाल्या, आता फाडा. मला काही कळेना. त्यांनी समजावलं की भीती कागदावर उतरली की कागद फाडायचा, म्हणजे मनाला कळतं की हे संपलं. मी फाडले. बारीक बारीक तुकडे केले. काय सांगू, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. बाईंनी एकूण एक तुकडा गोळा करून आपल्या पिशवीत भरला. स्वच्छ चादरींच्या कोठारात कचरा नको म्हणाल्या. फार टापटिपीच्या आहेत.

घरी काही लिहिता का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. एखादी तरी गोष्ट माणसाला स्वतःची लागते.

हे सगळं ऐकून ह्यांनी विचारलं, ती बाई तुझी की कंपनीची? मी म्हटलं, माझी भीती घालवते ना, मग कुणाची का असेना. तुम्हाला प्रत्येकात खोट दिसते. हे म्हणाले, बरं. ह्यांचं बरं म्हणणं मला भारी झोंबतं.

१४ तारीख, शुक्रवार

आता तोंडी सांगायचा सराव. पहिल्यापासून शेवटपर्यंत, हात पोटावर ठेवून. आवाज कुठे कापतो ते श्वासबाई ऐकतात आणि वहीत खूण करतात. तीन ठिकाणी कापतो. साहेबांनी चपला उचलल्या तिथं. मी विचारलं आणि ते आलाय म्हणाले तिथं. आणि बटण दाबलं तिथं तर घसाच बंद होतो.

बाई म्हणाल्या, पहिल्या दोन जागा सध्या बाजूला ठेवू. शिवताना गाठ आली तर आपण ओढत बसतो का, दोरा पुढे नेतो आणि गाठ मागाहून सोडवतो. बटणाचं मात्र गाळता येणार नाही, ते पुन्हा पुन्हा म्हणायचं, बोथट होईपर्यंत. आज मी पन्नास वेळा म्हटलं असेल, मी बटण दाबलं. तिसाव्या वेळेपासून ते दुसऱ्याच कुणाचं वाटायला लागलं. मला लाज वाटली, पण बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

उरलं ते असं. मी मशीनपाशी गेले. बटणाखाली पाहिलं. चपला नव्हत्या. मी बटण दाबलं.

चारही वाक्यं खरी आहेत. बाई म्हणाल्या, तुमचा आवाज किती छान लागला बघा.

निघताना त्यांना फोन आला. हो साहेब, उत्तम प्रगती आहे, असं सांगत होत्या. शाळेत कधी कुणी माझ्याबद्दल असं म्हटलं नव्हतं.

१७ तारीख, सोमवार

आज मीच म्हटलं, आता त्या दोन गाठी घेऊ या, दिवस थोडे राहिले. श्वासबाई जरूर म्हणाल्या, तुमच्यावर कसली जबरदस्ती नाही. मग जरा थांबून त्यांनी विचारलं,

"ताई, तुम्ही खरंच विचारलं होतंत, की विचारायला हवं होतं असं आता वाटतं?"

त्याच पुढे म्हणाल्या, अपघातानंतर पुष्कळांचं असं होतं, जे करायला हवं होतं ते केलंच होतं असं मन सांगायला लागतं. त्यात लबाडी नसते. मन स्वतःला वाचवत असतं, एवढंच. खात्री असेल तर अवश्य सांगा. नसेल तर ज्याची खात्री आहे तेवढंच सांगा, म्हणजे आवाज कापणार नाही.

तेव्हापासून डोक्याचा भुगा झालाय. रुळापाशी उभी राहून मी ते पुन्हा पुन्हा बघते. एकदा दिसतं की मी विचारलं. एकदा दिसतं की मी चादर सोडून सरळ चालत गेले आणि दाबलं. मग साहेबांनी चपला उचलल्या, तेही मीच नंतर बनवलं का? नाही. ते पाहिलं. निदान कुणीतरी काहीतरी उचलताना पाहिलं.

मागची पानं उलटून बघावी असं मनात आलं. पण बाईंनी बजावलंय, जुनं उकरायचं नाही, उकरलं की सगळा सराव पाण्यात. तेव्हा नाही बघितलं.

१९ तारीख, बुधवार

दुपारी वहिनी आल्या. बसा म्हटलं तरी उभ्याच राहिल्या. कंपनीनं चौकशीला लिहून दिलंय म्हणे की मिस्त्रीनं ठरलेली खूण त्या दिवशी ठेवलीच नाही, त्याचाच निष्काळजीपणा. तसं ठरलं तर खोली सोडावी लागेल. घरात मिस्त्रीची आई, पायांनी अधू, कॉटवरून धरून उठवावं लागतं. दोघींनी जायचं कुठे. वहिनी रडल्या नाहीत. मला वाटतं त्यांचं रडून झालंय.

"ताई, तुम्ही तिथं होतात. जे झालं तेवढं सांगा. जास्त एक अक्षर नको."

सांगते म्हटलं. मनापासून म्हटलं. त्या गेल्या आणि माझे हात पुन्हा लटपटायला लागले. दोन आठवड्यांची मेहनत, आणि हे असं.

२१ तारीख, शुक्रवार

श्वासबाईंना वहिनींचं सांगितलं. म्हणाल्या, चोवीसपर्यंत त्यांना भेटू नका, त्यांचं दुःख मोठं आहे पण ते तुमच्या अंगावर घेतलंत तर तुम्ही उभ्या राहू शकणार नाही. पटलं. आज नळावर मागच्या बाजूनं गेले, कचऱ्याच्या डब्यांकडून. वहिनींच्या दारावरून गेले नाही. चोरासारखं वाटलं.

मग रंगीत तालीम. टेबल मांडलं, पाण्याचा जग ठेवला, हुबेहूब. अधिकारी कोण होणार? साहेबच झाले. आधी मला हसूच आलं, कारण त्यांनी घसा खाकरून, चष्मा नाकावर आणून अगदी सरकारी तोंड केलं. मग प्रश्न विचारले. मशीन का चालू केलंत? पाहणीची माणसं आली होती, मशीन चालू असायला हवं होतं. चालू करण्याआधी काय पाहिलंत? बटणाखाली पाहिलं. काय दिसलं? चपला नव्हत्या. एखादा प्रश्न अचानक आला तर काय करायचं, तेही बाईंनी सांगून ठेवलंय. श्वास घ्यायचा आणि आधीचं खरं वाक्य पुन्हा म्हणायचं.

गंमत अशी की साहेबांच्या डोळ्यांत बघून बोलताना मला काहीच वाटलं नाही. उलट त्यांच्याच कपाळावर घाम होता. मी त्यांना सांगितलं, तुम्हीही चार आत, सहा बाहेर करा. बाई हसल्या. साहेब हसले नाहीत.

२३ तारीख, रविवार

साडी काढून ठेवली. साधी, करडी. हे म्हणाले, जे पाहिलंस ते सांग म्हणजे झालं. मी म्हटलं, तेच तर सांगणार आहे. ते म्हणाले, सगळं? मी म्हटलं, मी ठरवलंय. शेवटी अधिकारी विचारतातच की आणखी काही सांगायचंय का. तेव्हा त्या दोन गाठी सोडवीन. तोपर्यंत आवाज बसलेला असेल आणि निभावून जाईल.

हे पक्कं. इथं लिहून ठेवते.

२४ तारीख, सोमवार

झालं.

खोली लहानशीच होती. अधिकाऱ्याला सर्दी झालेली, सारखा रुमाल नाकाला. त्यांना बनियनवर बसवायची वेळच आली नाही. मागच्या बाकावर वहिनी एकट्या. साहेब दुसऱ्या बाजूला, श्वासबाई दारापाशी, हात पोटावर, मला आठवण राहावी म्हणून.

नाव, वय, काम विचारलं. मग म्हणाले, सांगा. मी सांगितलं. आवाज असा सरळ निघाला की चादरींची यादी वाचते आहे असं वाटावं. मी मशीनपाशी गेले. बटणाखाली पाहिलं. चपला नव्हत्या. मी बटण दाबलं. अधिकाऱ्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दाबलं म्हणताना एखादी बाई निदान थांबेल असं त्यांना वाटलं असावं.

मग त्यांनी तालमीत नव्हता तो प्रश्न विचारला.

"चपला नव्हत्या, म्हणजे मिस्त्रींनी त्या दिवशी ठेवल्याच नव्हत्या?"

मागे बाक करकरलं. मी चार मोजून श्वास आत घेतला, सहा मोजून सोडला.

"मी पाहिलं तेव्हा चपला नव्हत्या."

त्यांनी लिहून घेतलं. बराच वेळ लिहीत होते, तेवढ्याशा वाक्याला इतकं काय लिहायचं. मग विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. हीच ती जागा. मी त्या गाठी शोधल्या. हात घालून बघावं आणि खिसा रिकामा निघावा, तसं झालं. शब्द होते, पण ते माझे आहेत असं वाटेना, आणि खात्री नसलेलं कशाला बोला. शिवाय इतकं शांत वाटत होतं. दीड-दोन महिन्यांत पहिल्यांदा इतकं शांत. ते मोडवेना. मी म्हटलं, नाही.

बाहेर आल्यावर साहेबांनी चक्क हात जोडले. श्वासबाईंनी तळहात दाबला, म्हणाल्या, माझ्या इतक्या वर्षांत असं कुणी बोललं नाही. जीव भांड्यात पडला. वहिनी जिन्यानं खाली गेल्या होत्या. त्यांना हाक मारणार होते, पण बाई बोलत होत्या.

घरी ह्यांनी विचारलं, चपलांचं सांगितलंस? मी म्हटलं, सांगितलं. नव्हत्या म्हणून. हे उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. जेवायला बोलावलं तरी आले नाहीत.

२५ तारीख, मंगळवार

मी एक अक्षर खोटं बोललेले नाही. हे ह्यांना तीनदा सांगितलं. हे म्हणाले, नाहीच बोललीस.

२८ तारीख, शुक्रवार

साहेबांनी मला रुळावरून काढून घड्यांच्या टेबलावर दिलं. बसून काम, वाफ नाही, सुख आहे. मधलीला नवा रंग दिला. आता प्रत्येक मशीनशेजारी खुंटीवर लाल कुलूप टांगलंय, अर्ज नाही, सही नाही. नवा मिस्त्री आलाय, तो बूट घालतो.

श्वासबाई परत आल्या नाहीत. निदान निरोप घेतील असं वाटलं होतं. मी त्यांच्यासाठी दोन उशांचे अभ्रे शिवून ठेवले होते, साहेबांकडे दिले. साहेब म्हणाले, पोचवतो. ते अजून त्यांच्या कपाटावर पडले आहेत.

भीती पूर्ण गेली. झोप चांगली लागते. कधी कधी वाटतं, जराशी तरी उरायला हवी होती.

पुढच्या महिन्याची ११ तारीख, गुरुवार

निकाल आला. ऑफिसबाहेर फळ्यावर लावलाय, सगळ्यांनी वाचावा म्हणून. मृत कामगारानं नेहमीची खूण न ठेवल्यामुळे अपघात झाला. साक्षीदार महिलेची साक्ष स्पष्ट, सुसंगत आणि विश्वासार्ह. त्या ओळीखाली कुणीतरी पेन्सिलीनं रेघ मारली आहे. महिनाअखेर वहिनींनी खोली रिकामी करायची.

मी ते दोनदा वाचलं. स्पष्ट, सुसंगत, विश्वासार्ह. माझ्याविषयी लिहिलेलं पहिलंच काहीतरी चांगलं.

ह्यांना दाखवायला कागद उतरवून आणणार होते. आणला नाही. ह्यांना कुठून तरी आधीच कळलं होतं. हल्ली हे माझ्याशी फार जपून बोलतात, पाहुणीशी बोलावं तसं.

१३ तारीख, शनिवार

आज वहिनी दारात उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता शिव्याशाप. मी घेणार होते. मनातून वाटत होतं की द्याव्यातच. पण त्या उंबऱ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या,

"ताई, त्या दिवशी तुमचा आवाज जरासुद्धा हलला नाही. कसं केलंत ते मला सांगा. सासूबाईंना खोली सोडायचं सांगायचंय. तीनदा जाऊन बसले त्यांच्यापाशी, तोंडच उघडत नाही."

मी त्यांच्या बोलण्यात टोमणा शोधला. नव्हता. त्यांना खरंच शिकायचं होतं. मग काय करणार, शिकवलं. हात पोटावर ठेवा, खांदे सैल सोडा, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. जिथं आवाज कापतो ते आधी पुन्हा पुन्हा म्हणून बघा. उंबऱ्यावर बसून आम्ही दोघी श्वास घेत होतो, हे आतून बघत होते. वहिनींनी पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं, आपल्याला जावं लागेल, आपल्याला जावं लागेल. फार लवकर जमलं त्यांना. मग म्हणाल्या, तुम्ही सोबत चला, एकटीला धीर नाही. नाही कशी म्हणू.

म्हातारी कॉटवर भिंतीला टेकून बसली होती. वहिनी जवळ बसल्या, हात पोटावर ठेवला आणि सगळं सांगितलं. निकाल लागला, चूक तुमच्या मुलाचीच ठरली, त्या दिवशी ते चपला ठेवायला विसरले असं कागदावर आलंय, महिनाअखेर निघायचं. आवाज एकदाही हलला नाही. ऐकताना माझ्याच अंगावर काटा आला. मी असंच बोलले होते का?

म्हातारी म्हणाली, "विसरला? कोण म्हणतं?"

"ताई होत्या तिथं," वहिनी म्हणाल्या.

म्हातारीनं मान वळवली. तिला नीट दिसत नाही, माझ्या आवाजाच्या अंदाजानं ती माझ्याकडे बघते. म्हणाली, "तुला तो बहीण मानायचा, पोरी. तू काही खोटं बोलायची नाहीस. विसरला होता का गं तो?"

याचा सराव झाला नव्हता. तिला मान हलवलेली दिसली नसती, म्हणून मला तोंडानं बोलावं लागलं. मी श्वास घेतला आणि म्हटलं, हो मावशी.

ती स्वतःशीच म्हणाली, असेल मग. लहानपणी शाळेतून येताना पाटी विसरून यायचा. दोनदा मारलं होतं मी त्याला त्यावरून, तरी सवय गेली नाही म्हणायची. आणि मग ती मुलाच्या विसरण्याच्या एकेक गोष्टी आठवून सांगायला लागली, आणि वहिनी ऐकता ऐकता मान डोलवायला लागल्या.

अकरा वर्षांत मिस्त्री चपला ठेवायला एकदाही विसरला नव्हता. त्या दिवशीही नाही. हे तिथं बसल्या बसल्या मला लख्ख आठवत होतं, चपला, साहेबांची दोन बोटं, सगळं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायला गेले असते तर माझा आवाज कापला असता.